नवी डिस्क टाकली, तरी ब्रेकची थरथर परत का येते?

ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. गॅरेजमधलं निदान ठरलेलं: "डिस्क वाकडी झालीय." नवी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) बसते, नवे पॅड (तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे) बसतात, थरथर गायब. पाच-सहा हजार किलोमीटर होतात न होतात तोच एखाद्या उतारावर पुन्हा तीच थरथर. मग डिस्कच्या दर्जाला शिव्या, दुसऱ्या कंपनीची डिस्क, आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

निदानाचा सगळ्यात मोठा धागा या चक्रातच सापडतो. डिस्क बसवली त्या दिवशी थरथर नव्हती आणि काही हजार किलोमीटरनंतर आली, म्हणजे डिस्क खराब आली नव्हती. ती गाडीवर खराब झाली. तिला खराब करणारं कारण अजून गाडीतच बसलेलं आहे आणि पुढच्या डिस्कचीही ते तीच गत करणार. म्हणून खाली डिस्कपेक्षा डिस्कच्या मागे काय आहे यावर जास्त भर दिला आहे. आवाजांबद्दलही लिहिलं आहे, पण नंतर. थरथर आणि किंचाळणं हे बहुतेक वेळा दोन वेगळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

यातलं काही असेल तर तपासत बसू नका

धातूवर धातू घासल्याचा खरखर आवाज येत असेल, पेडल खाली बसत असेल, ब्रेक लावल्यावर गाडी जोरात एका बाजूला ओढत असेल, चाकातून धूर किंवा जळका वास येत असेल, किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी चालवून बघू नका. ती उचलून न्या. पुढच्या सगळ्या चाचण्या ब्रेक नीट लागतो पण त्रास देतो अशा गाडीसाठी आहेत.

आधी रस्त्यावर

चाक काढण्याआधी गाडी चालवून बघितल्याने निम्मं काम होतं. बरेच जण हे टाळतात आणि थेट जॅक लावतात.

पहिला प्रश्न: ब्रेकला पाय न लावताही थरथर आहे का? साधारण ८० ते ११०च्या वेगात स्टिअरिंग हलत असेल आणि ब्रेकचा त्याच्याशी संबंध नसेल, तर चाकांचं बॅलन्सिंग, फुगीर झालेला टायर, वाकलेली रिम यांच्याकडे वळा. ब्रेक लावल्यावर हीच थरथर थोडी वाढते, त्यामुळे माणूस फसतो. एकदा ब्रेकशिवाय, अ‍ॅक्सिलरेटर सोडून, गाडी आपोआप वेग कमी करू द्या आणि स्टिअरिंगवर हलका हात ठेवून बघा.

दुसरा प्रश्न: थरथर कुठे जाणवते? स्टिअरिंगमध्ये जाणवली तर संशय पुढच्या चाकांवर. सीटमध्ये, पाठीला, फरशीला जाणवली आणि स्टिअरिंग मात्र शांत असेल, तर मागची चाकं. पाय खालीवर ढकलला जात असेल, म्हणजे पेडलच धडधडत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही किंवा मागचा ड्रम (काही गाड्यांत मागे डिस्कऐवजी असतो तो) गोल राहिलेला नाही. पेडलची ही खूण फार कामाची आहे. ती का, ते पुढे येईलच.

तिसरा: थरथरीचा ठेका वेगाबरोबर बदलतो का? साधारण गाडीच्या टायरचा घेर १.९ मीटरच्या आसपास धरा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतं. ताशी ३०ला तेच साडेचारच्या आत येतं. थरथर डिस्कची असेल तर वेग उतरतो तसा ठेका संथ होत जातो आणि गाडी थांबण्याआधी धक्के जवळजवळ मोजता येतात. याउलट ब्रेकची किंचाळी सेकंदाला हजारभर ते पंधरा-सोळा हजार कंपनांची असते. तिचा चाकाच्या फेऱ्यांशी संबंध नसतो, पॅड आणि डिस्क स्वतःच वाजत असतात.

मागच्या चाकांचा संशय पक्का करायला एक जुनी युक्ती आहे. रिकामा, कोरडा, सरळ रस्ता बघा, वेग ४०च्या आसपास ठेवा, आणि हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवत दांडा हळूहळू वर घ्या. थरथर आली तर दोष मागे आहे. बटण दाबलेलं हवंच, म्हणजे चाक अडकतंय असं वाटताक्षणी सोडता येतं. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हा प्रयोग करायचाच नाही. शिवाय मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत हँडब्रेकसाठी डिस्कच्या पोटात वेगळा छोटा ड्रम असतो. अशा गाडीत थरथर आली नाही म्हणून मागची डिस्क चांगली आहे असं ठरत नाही.

एबीएसचाही (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचाही) गोंधळ होतो. निसरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल पायाला भराभर ठोके देतं आणि घर्रर्र आवाज येतो, ते एबीएसचं नेहमीचं काम आहे. पण कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकने, अगदी थांबता थांबता शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगात पेडल गुरगुरत असेल, तर एखाद्या चाकाचा सेन्सर चुकीचा संदेश देत असावा. सेन्सरखाली साचलेला गंज किंवा तडकलेली दातेरी रिंग ही नेहमीची कारणं. अशा गाडीत डिस्क बदलून काहीच होत नाही.

डिस्क खरंच वाकडी होते का?

क्वचित. बहुतेक वेळा "वाकडी" म्हणून काढलेली डिस्क मोजली तर ती वाकलेली नसते, तिची जाडी फेरभर सारखी नसते. या दोन गोष्टी वेगळ्या का, हे समजलं की परत येणाऱ्या थरथरीचं कोडं सुटतं.

बहुतेक गाड्यांचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकता असतो: एका बाजूला पिस्टन, आणि पूर्ण कॅलिपर गाइड पिनांवर आत-बाहेर सरकतो. डिस्क थोडी डुलत फिरत असेल, म्हणजे एकदा आत एकदा बाहेर, तर कॅलिपर तिच्याबरोबर मुकाट सरकतो. ब्रेकचा जोर सारखाच राहतो, पेडलला कळतही नाही. म्हणून डुलणारी डिस्कसुद्धा पहिल्या दिवशी गप्प असते. पण जाडी बदलत असेल तर जाड भाग आला की पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो, पाय वर उचलला जातो. पातळ भाग आला की उलटं. ब्रेकचा जोर प्रत्येक फेरीत कमी-जास्त होतो आणि स्टिअरिंग तो जोर तुमच्या हातापर्यंत आणतं.

यासाठी फरक किती लागतो? मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग, म्हणजे ०.०१ ते ०.०२ मिमी, पुरतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. डोळ्यांना किंवा बोटाला हा फरक कळणं शक्य नाही, त्यामुळे डिस्कवर बोट फिरवून "वाकडी आहे" म्हणणाऱ्याला कशावरून असं जरूर विचारा.

आता ही जाडी बदलते कशी? दोन वाटांनी. पहिली वाट डुलण्याची. ब्रेक सुटलेला असताना पॅड डिस्कच्या अगदी जवळ असतो. डिस्क डुलत असेल तर तिचा बाहेर आलेला भाग दर फेरीला पॅडला चाटून जातो. हायवेवर तास-दीड तास ब्रेकला हात न लावता गाडी धावली तरी हे चाटणं चालूच असतं. काही हजार किलोमीटरमध्ये तेवढाच भाग झिजून पातळ होतो. नवी डिस्क टाकल्यावर मिळणारे सुखाचे महिने ते हेच: झीज चालू असते, फक्त अजून हाताला जाणवण्याइतकी झालेली नसते.

दुसरी वाट उष्णतेची. पॅडचा मसाला (डिस्कला घासून झिजणारा भाग) डिस्कवर पातळ थराने चढतो, आणि तो चढायलाच हवा. ब्रेक त्यावरच चालतो. पण फार तापलेल्या डिस्कवर गाडी थांबवून पेडल दाबूनच ठेवलं, तर पॅडखालच्या जागी जाड ठसा उमटतो. पुढे तो ठसा दर फेरीला पॅडला वेगळा लागतो, तिथे जास्त तापतं, आणि बिडाच्या डिस्कवर तेवढा डाग कडक होऊन बसतो. कडक डाग कमी झिजतो, आजूबाजूचा भाग जास्त झिजतो, फरक वाढत जातो. लांब घाट उतरताना सतत हलका ब्रेक धरून ठेवण्याची सवय आणि नंतर सिग्नलला पेडल दाबून उभं राहणं, या दोन्ही मिळून हे काम पूर्ण होतं. घाटात गिअर खाली घ्या, ब्रेक लावा-सोडा करा, आणि डिस्क तापलेली असताना थांबावं लागलं तर सपाट जागी हँडब्रेकही न ओढता गिअरवर (इंजिन बंद करून) किंवा 'पार्क'मध्ये ठेवून पाय उचला.

डिस्कच्या मागे काय बघायचं

सुरुवात हबच्या (डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतात त्या फिरत्या भागाच्या) तोंडापासून, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या सपाट भागापासून. जुनी डिस्क निघाली की तिथे गंजाचे पापुद्रे दिसतात, खास करून बोल्टांच्या बुडाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कडेला. नवी चकचकीत डिस्क त्याच गंजावर चढवली जाते आणि तिथेच पुढच्या थरथरीची तारीख पक्की होते. हबच्या एका कडेला ०.०३ मिमीचा पापुद्रा राहिला तर डिस्क तेवढी कलते. हबचं तोंड १३० मिमी व्यासाचं आणि डिस्क २६० मिमीची असेल, तर डिस्कच्या कडेला तेच डुलणं दुप्पट, ०.०६ मिमी होतं. बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते, काहींची थोडी जास्त. आपल्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. म्हणजे एका पापुद्र्यात काम तमाम.

तारेच्या ब्रशने किंवा ड्रिलला लावायच्या चकतीने हबचं तोंड धातू दिसेपर्यंत साफ करा. धातू खरवडायचा नाही, गंज काढायचा. जुनी डिस्क परत बसवणार असाल तर तिचं आतलं तोंडही तसंच. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो; तो ब्रेक क्लीनरने पुसून घ्या.

मग मोजणी. ही पायरी गॅरेजमध्ये सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि परत परत थरथर येणाऱ्या गाडीत हीच गाळून चालत नाही. चाकाचे नट वॉशर घालून डिस्कवर सारखे आवळा, म्हणजे डिस्क हबला घट्ट टेकेल. डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारा काट्याचा मापक) स्टिअरिंग नकलवर (हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागावर) पक्का बसवा, त्याचं टोक डिस्कच्या कडेपासून सुमारे १० मिमी आत ठेवा, आणि हाताने डिस्क एक फेरी हळू फिरवा. काटा एकूण किती हलला ते डुलणं. त्याआधी डिस्क वर-खाली, आत-बाहेर हलवून बेअरिंग ढिलं नाही ना ते बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर गेजचा आकडा बिनकामाचा.

आकडा जास्त आला तर डिस्क लगेच टाकून देऊ नका. डिस्क आणि हबवर खडूने खूण करा, डिस्क काढून एक बोल्ट पुढे सरकवून बसवा, पुन्हा मोजा. हबचा आणि डिस्कचा दोष एकमेकांवर चढले तर आकडा वाढतो, समोरासमोर आले तर कमी होतो. पुष्कळदा एवढ्यानेच आकडा मर्यादेत येतो. डिस्क एका छोट्या स्क्रूने हबला अडकवलेली असते त्या गाड्यांत मात्र ही सोय नसते. डिस्क कशीही फिरवली तरी जास्तीत जास्त हलण्याची जागा हबवर एकाच बोल्टाशी येत असेल, तर दोष हबमध्ये आहे. खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेला चाक आदळलेलं असेल तर हबचं तोंडच किंचित वाकलेलं असू शकतं.

जाडी मायक्रोमीटरने मोजायची. कडेपासून सारख्याच अंतरावर, फेरभर आठेक ठिकाणी. साधा व्हर्निअर इथे चालत नाही, एक तर तो तेवढा बारीक मोजत नाही आणि डिस्कच्या कडेला राहिलेल्या न झिजलेल्या काठावरच टेकतो. डिस्कवर किमान जाडीचा आकडा ओतीव किंवा ठोकलेला असतो. त्याच्याखाली गेलेली डिस्क टर्निंग करून (लेथवर पृष्ठभाग कापून) वापरायची नाही. टर्निंग करून किमान आकड्याच्या वर राहणार असेल तर करायला हरकत नाही, पण लेथवर डिस्क एकटी सरळ होते, हब नाही. गाडीवरच लावून डिस्क टर्न करायची मशीन असते, ती हबचा दोषही धरूनच कापते. डुलणं हबचं असेल आणि हब बदलायचा नसेल तर तोच मार्ग.

आणि नट. परत येणाऱ्या थरथरीचं एकच कारण सांगा म्हटलं तर मी चाकाचे नट सांगेन. पंक्चर काढल्यावर, टायर बदलल्यावर हवेच्या गनने नट कर्रकन आवळले जातात. एक ९० न्यूटन-मीटरवर (आवळण्याच्या जोराचं माप), शेजारचा २००वर. डिस्क ही रिम आणि हब यांच्यामध्ये दाबलेली असते, त्यामुळे हा असमान ताण थेट तिच्यावर येतो. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत, शेवट टॉर्क रेंचने. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. टायरच्या दुकानात गनच वापरणार असतील तर "शेवटचं आवळणं हाताने करा" एवढं तरी सांगा. थरथर टायरच्या कामानंतर काही दिवसांतच सुरू झाली असेल तर बाकी काही करण्याआधी सगळे नट ढिले करून नीट आवळून बघा. डिस्क अजून झिजली नसेल तर एवढ्यावरच थरथर जाते.

कॅलिपर. पॅड काढल्यावर आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवा. दोघांच्या जाडीत मोठा फरक असेल किंवा एखादा तिरका झिजलेला असेल, तर कॅलिपर सरकत नाही किंवा पिस्टन मागे जात नाही. गाइड पिन हाताच्या बोटांनी आत-बाहेर सरकायला हवी. ओढायला पकड लागत असेल तर ती अडकलेली आहे. पिनेचा रबरी बूट फाटला की आत पाणी जातं, गंज धरतो आणि पॅड कायम डिस्कला घासत राहतो. डिस्क तापते, ठसे उमटतात, वरच्या दोन्ही वाटा एकदम खुल्या होतात. ब्रेक फारसा न वापरता दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही चाकांची उष्णता इन्फ्रारेड थर्मामीटरने तुलना करा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर गरम चाकाकडे दोष. डिस्कला हात लावून बघायचं नाही, ती सहज भाजते. पिन आणि पिस्टन दोन्ही मोकळे असूनही चाक अडकत असेल तर रबरी ब्रेक पाइप आतून सुजलेला असू शकतो: दाब जातो, परत येत नाही. ब्लीडर स्क्रू (कॅलिपरमधून ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) ढिला केल्यावर चाक लगेच मोकळं झालं तर कॅलिपरऐवजी पाइप आणि त्यामागच्या भागाकडे वळा.

सस्पेन्शनची गोष्ट थोडक्यात. लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) फाटलेला बुश (रबरी सांधा) किंवा ढिला बॉल जॉइंट स्वतः थरथर निर्माण करत नाही, पण डिस्कचा छोटासा फरक मोठा करून हातापर्यंत पोचवतो. जाडी मोजून मर्यादेत आली आणि तरी स्टिअरिंग हलत असेल तर पहारीने बुश हलवून बघा.

आवाज

किंचाळी, विशेषतः हलक्या ब्रेकला आणि कमी वेगात, हा सगळ्यात जास्त त्रास देणारा आणि बहुतेक वेळा सगळ्यात निरुपद्रवी आवाज. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला येऊन थांबत असेल तर रात्रभराच्या दमटपणाने डिस्कवर चढलेला गंजाचा पापुद्रा निघतोय, सोडून द्या. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत मोटर स्वतःच वेग कमी करते, ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे हा गंज जास्त साचतो. अशा गाडीत मधूनमधून मुद्दाम दोन-चार खणखणीत ब्रेक मारावेत.

एक किंचाळी मात्र मुद्दाम बसवलेली असते. बऱ्याच पॅडवर पत्र्याची एक छोटी जीभ असते, मसाला २-३ मिमीवर आला की ती डिस्कला टेकते. नव्या पॅडवर मसाला साधारण १० ते १२ मिमी असतो. ही जीभ बारीक, सलग वाजते. काही गाड्यांत ब्रेक न लावताही वाजते आणि पेडलला पाय लावला की गप्प होते. हा आवाज कमी करायचा नसतो, पॅड बदलायचे असतात.

यातलं काही नसेल आणि पॅड जाड असूनही किंचाळत असतील, तर पॅड त्याच्या खाचेत नीट बसलेला नाही, हे गृहीत धरून कामाला लागा. कॅलिपरच्या ब्रॅकेटवर पॅडचे कान टेकतात तिथे गंज फुगलेला असतो. तो घासून काढा. तिथल्या स्टीलच्या क्लिपा जुन्या असतील तर नव्या घाला, त्या पॅडबरोबर आलेल्या असतात आणि बऱ्याचदा खोक्यातच राहतात. पॅडच्या पाठीवरचा पातळ पत्रा, शिम, सुटलेला किंवा गायब नाही ना बघा. पॅडच्या कानांवर आणि पाठीवर ब्रेकसाठीचाच उष्णता सोसणारा ग्रीस अगदी पातळ, गाइड पिनांवर सिलिकॉनचा रबराला चालणारा. बेअरिंगचा साधा ग्रीस पिनांना लावला तर रबर फुगतं आणि दोन महिन्यांत पिन जाम. मसाल्यावर आणि डिस्कवर कसलाही ग्रीस किंवा तेल नको. किंचाळी थांबवायला डिस्कवर स्प्रे मारण्याचा जो उपाय सुचवला जातो तो ब्रेक जाण्याचा उपाय आहे. पॅडला आतला-बाहेरचा, डावा-उजवा असा फरक असतो, तोही तपासा. हे सगळं करूनही वाजत असेल तर मसाल्याचा प्रकार बदलून बघा. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात पण वाजतात जास्त; सिरॅमिक पॅड साधारणपणे शांत.

ब्रेक सोडल्यावरही चर्र-चर्र असा चाकाच्या फेरीबरोबर येणारा आवाज पुष्कळदा ब्रेकचा नसतोच. डिस्कच्या मागच्या पत्र्यात आणि डिस्कमध्ये खडा अडकतो, किंवा पत्राच वाकून डिस्कला घासतो. आवाज भयानक, दुरुस्ती दोन मिनिटांची: गाडी थोडी मागे घेतली तर खडा कधी कधी आपोआप पडतो, नाहीतर पत्रा बोटाने डिस्कपासून लांब वाकवायचा.

ब्रेक लावताना एकदाच "खट्" आलं तर दोन गोष्टी आहेत आणि दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिव्हर्स घेतल्यानंतर पहिल्या ब्रेकला येणारा एक बारीक टक् म्हणजे पॅड खाचेत दुसऱ्या बाजूला सरकला. क्लिपा बसवल्या की बहुधा जातो. पण प्रत्येक ब्रेकला खट् येत असेल तर आधी कॅलिपरच्या ब्रॅकेटचे बोल्ट बघा. ते ढिले असतील तर गाडी तिथून हलवू नका. मग लोअर आर्म, बॉल जॉइंट.

ऑटोमॅटिक गाडीत सिग्नलला ब्रेक हळू सोडताना येणारं "घुर्र्" बहुतेकदा निरुपद्रवी असतं. पॅड डिस्कला चिकटून-सुटून-चिकटून सरकतो त्याचा तो आवाज. पेडल थोडं जास्त किंवा थोडं कमी दाबलं की जातो.

मागे ड्रम असेल तर तिथे साचलेली धूळ, सुटलेली स्प्रिंग आणि शू (ड्रमला आतून दाबणारा पॅडसारखा भाग) ज्या पत्र्यावर सरकतो त्यावरचे कोरडे ठिपके हे आवाजाचे नेहमीचे मालक. हँडब्रेक ओढून तापलेली गाडी रात्रभर उभी केली की ड्रम किंचित अंडाकृती होऊ शकतो आणि पेडल धडधडतं. टर्निंग किंवा नवा ड्रम. आत ओलं दिसलं तर व्हील सिलिंडर (शू ढकलणारा भाग) गळतोय, आणि तेल प्यायलेले शू धुऊन परत लावायचे नसतात.

बसवताना

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात घालायचा नाही, स्टँड लावा, उरलेल्या चाकांना पुढे-मागे ठोकळे. धूळ हवेच्या नळीने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने टांगा. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डब्यावर नजर ठेवा, वर येऊन सांडलं तर रंग खातं. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर पिस्टन बहुधा फिरवत आत घालावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये घ्या, नाहीतर मोटर तुटते. सगळं बसल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला ते खाली जाणारच.

त्यानंतर पॅड-डिस्क जुळवणं. रिकाम्या रस्त्यावर ५०-६०च्या वेगावरून १०-१५पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं चालू द्यायचं. मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता गार होऊ द्या. याने मसाल्याचा थर फेरभर सारखा चढतो. नवे पॅड टाकल्यावर पहिल्याच दिवशी करकचून ब्रेक मारून सिग्नलला उभं राहिलं की पहिला ठसा तिथेच पडतो.

गाडी गॅरेजला देणार असाल तर "ब्रेक आवाज करतो" एवढं सांगून निघू नका. किती वेगाला, गार असताना की तापल्यावर, हात, पाय की सीट, शेवटचं चाक कधी निघालं होतं, हे लिहून द्या. आणि दोन आकडे कागदावर मागा: प्रत्येक पुढच्या डिस्कचं डुलणं आणि तिची फेरभरातली सर्वांत जास्त व कमी जाडी. ते आकडे जपून ठेवा, डिस्क कोणत्या चाकावर होती तेही. सगळं नीट करूनही काही हजार किलोमीटरने थरथर आलीच, तर पुन्हा मोजा. त्याच चाकावर डुलणं वाढलेलं दिसलं तर हब आणि बेअरिंग बदलायची वेळ आली आहे. डुलणं मर्यादेत आहे पण जाडी बदलली, तर कॅलिपर किंवा पाइप. आणि दर वेळी चाक बदलून थरथर येत असेल, एकदा डावं, एकदा उजवं, तर मधल्या काळात त्या चाकाचे नट कोणी आणि कशाने आवळले ते शोधा.